एका नगरीचे आभारगीत

खेळातील विजयाचे आयुष्य फार थोडे. सायंकाळी सामना संपतो, रात्री फटाके उडतात, दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात छायाचित्रे झळकतात, आणि काही दिवसांतच गुणतक्त्यातील एका ओळीपलीकडे त्या विजयाचे फारसे काही उरत नाही. तथापि क्वचित असेही घडते की, एखादा विजय गीतात उतरतो, ते गीत जनांच्या कंठी बसते, आणि चषक कोणत्या कपाटात आहे याचे विस्मरण झाले तरी गीताचे होत नाही. या महिन्यात आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत ती हकीकत अशाच एका गीताची, ते रचणाऱ्या कवि-गायकाची, आणि एकाच मैदानावर अठरा वर्षांच्या अंतराने मुद्रित झालेल्या दोन ध्वनिमुद्रिकांची. स्थळ आहे इटलीची राजधानी रोम. ज्या वाचकांना फुटबॉलची गोडी नाही त्यांनीही ही हकीकत वाचावी अशी आमची विनंती आहे. कारण तिच्या पोटात जो प्रश्न दडलेला आहे तो खेळापुरता नाही. माणसे एकत्र जमून आनंद साजरा करतात तेव्हा ती नेमके काय करीत असतात, हा तो प्रश्न होय.

प्रथम गायकाचा परिचय करून घेऊ. आन्तोनेल्लो वेन्दित्ती यांचा जन्म ८ मार्च १९४९ रोजी रोममध्येच झाला. वडील सरकारी अधिकारी, आई लॅटिन व ग्रीक या भाषांची शिक्षिका, आणि स्वतः वेन्दित्ती कायद्याचे पदवीधर. अशा घरातील मुलाने वकिली करावी हेच सरळ होते. परंतु त्यांनी पियानो जवळ केला. रोममधील 'फोल्कस्तुदियो' नावाच्या एका लहानशा गायनगृहात त्या काळी नवे कवि-गायक आपली गीते सादर करीत. तेथेच वेन्दित्ती आणि त्यांचे समकालीन फ्रान्चेस्को दे ग्रेगोरी पुढे आले, व १९७२ साली दोघांनी मिळून आपली पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यात वेन्दित्ती यांचे 'रोमा कापोच्चा' हे गीत होते. किशोरवयात रचलेल्या त्या गीताची भाषा प्रमाण इटालियन नसून रोमच्या रस्त्यावरची बोली आहे. आईने घरात लॅटिन शिकविलेल्या मुलाने आपल्या नगरीची स्तुती करावयास भाजीबाजारातील भाषा निवडावी, यातच त्याच्या पुढील वाटचालीचे बीज होते.

इटलीत अशा गायकांना एक खास नाव आहे. गायक आणि रचनाकार या दोन शब्दांचा सांधा जुळवून ते 'कान्ताउतोरे' असा शब्द वापरतात. स्वतः कवन रचावे, स्वतः चाल लावावी आणि स्वतःच लोकांपुढे उभे राहून म्हणावे, अशी ही रीत आहे. आपल्याकडील शाहिराची या ठिकाणी सहज आठवण व्हावी. शाहिराप्रमाणेच कान्ताउतोरेकडूनही लोकांची अपेक्षा केवळ करमणुकीची नव्हती. १९७० नंतरच्या दशकात तर इटलीतील तरुण श्रोते त्यांच्याकडून राजकीय निष्ठेचा जाहीर पुरावा मागू लागले. १९७६ च्या एप्रिलमध्ये मिलान येथे दे ग्रेगोरी यांचा कार्यक्रम काही तरुणांनी उधळून लावला आणि त्यांना व्यासपीठावरच जाब विचारला. अशा वातावरणात एखाद्या गंभीर कवि-गायकाने फुटबॉलच्या संघावर गाणे रचणे हे अनेकांना थिल्लरपणाचे वाटले असल्यास नवल नाही. वेन्दित्ती यांनी मात्र त्याच दशकात रोमा संघासाठी एक गीत केले, आणि तेच पुढे सामन्यापूर्वी प्रेक्षकांनी उभे राहून गावयाचे संघगीत होऊन बसले.

इटालियन भाषेत नगरीचे नाव 'रोमा' आणि संघाचेही नाव 'रोमा'. मराठीत आपण नगरीस रोम म्हणतो, म्हणून दोहोंत भेद राहतो. तेथील माणूस मात्र 'रोमा' हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याला नगरी अभिप्रेत आहे की संघ, हे ऐकणाऱ्याने ठरवावयाचे असते, आणि बहुधा ते ठरविले जातच नाही. या गीतांची सारी किमया त्या एका शब्दाच्या दुहेरी अर्थात सामावलेली आहे.

आता त्या नगरीची त्या वर्षांतील स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. इटलीच्या इतिहासात त्या कालखंडास 'शिशाची वर्षे' म्हणतात. शिसे म्हणजे बंदुकीच्या गोळीतील शिसे. १६ मार्च १९७८ रोजी माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचे रोममध्ये भर रस्त्यातून अपहरण झाले, त्यांचे पाचही शरीररक्षक मारले गेले, आणि ९ मे रोजी नगरीच्या मध्यभागी उभ्या असलेल्या एका मोटारीत मोरो यांचा मृतदेह सापडला. अंधार पडल्यावर घराबाहेर पडू नये अशी भीती लोकांच्या मनात घर करून होती. त्या भीतीवर नगरपालिकेने एक निराळा उपाय काढला. सांस्कृतिक कार्याची धुरा वाहणारे रेनातो निकोलिनी या वास्तुशास्त्रज्ञाने १९७७ पासून 'रोमचा उन्हाळा' या नावाने रात्रीचे उघड्यावरील कार्यक्रम सुरू केले. प्राचीन भग्नावशेषांच्या सान्निध्यात पडदा लावून चित्रपट दाखविले. दारे बंद करून बसलेल्या नागरिकांना रात्र परत मिळवून देणे हा त्यामागचा हेतू होता. हे घडले नसते तर १९८३ ची ती रात्र घडली असती की नाही, याविषयी आम्हांस शंका वाटते.

त्या वर्षी रोमा संघाने इटलीचे अजिंक्यपद मिळविले. या पदास तेथे 'स्कुदेत्तो', म्हणजे लहानशी ढाल, असे म्हणतात. विजेत्या संघाच्या सदऱ्यावर पुढील मोसमात राष्ट्रध्वजाच्या तीन रंगांची इवलीशी ढाल शिवलेली असते. रोमाने ती पूर्वी एकदाच, १९४२ साली, महायुद्ध चालू असताना मिळविली होती. नंतर चाळीस वर्षांहून अधिक काळ गेला. फुटबॉलमधील सत्ता तुरीन आणि मिलान या उत्तरेकडील उद्योगनगरींच्या हाती राहिली. राजधानी असूनही या बाबतीत रोमची गणना मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्यांत होत असे. अखेर ८ मे १९८३ रोजी जेनोआ येथील सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि एक सामना शिल्लक असतानाच स्कुदेत्तो रोमाचा झाला. प्रशिक्षक होते स्वीडनचे नील्स लीडहोल्म. मधल्या फळीत ब्राझीलचा फाल्काओ. आणि संघनायक होता रोममध्येच जन्मलेला, मितभाषी व गंभीर वृत्तीचा आगोस्तिनो दी बार्तोलोमेई.

त्याच मे महिन्यात 'चिर्को मास्सिमो' या मैदानावर वेन्दित्ती यांनी विजयाप्रीत्यर्थ गायन केले. या प्रसंगासाठी त्यांनी नवे गीत रचले होते: 'ग्रात्सिए रोमा', म्हणजे 'रोमा, तुझे आभार'. त्या मैफलीची जी ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी निघाली तिला मैदानाचेच नाव देण्यात आले.

या मैदानाविषयी चार शब्द सांगणे अवश्य आहे. पालातिन आणि आवेन्तिन या दोन टेकड्यांमधील ही सुमारे सहाशे मीटर लांबीची खोलगट जागा म्हणजे प्राचीन रोमचे रथशर्यतींचे क्रीडांगण. साम्राज्याच्या भरभराटीत तेथे दीड लाखांहून अधिक प्रेक्षक बसत असावेत असा अंदाज आहे. तांबडा, पांढरा, हिरवा आणि निळा अशा चार रंगांचे पक्ष होते, आणि आपल्या रंगाच्या सारथ्यासाठी लोक भांडत, पैजा लावीत, प्रसंगी रक्तही सांडीत. जनतेला केवळ भाकरी आणि शर्यती एवढेच हवे असते, असा बोचरा शेरा युवेनाल या उपरोधकाराने मारला तो याच नगरीतील लोकांना उद्देशून. इसवी सनाच्या सहाव्या शतकात शर्यती थांबल्या. सोळाव्या शतकात तेथे गाडले गेलेले दोन मिसरी स्तंभ उकरून अन्य चौकांत नेऊन उभे केले गेले. आज तेथे गवत आहे, उतार आहे आणि वर मोकळे आकाश आहे. जेथे प्राचीन काळी चार रंग एकमेकांविरुद्ध ओरडत होते, तेथेच एका गायकाच्या समोर पिवळा व तांबडा हे दोन रंग एकत्र मिरविणारा समुदाय गात उभा राहिला.

समुदायाच्या अशा गाण्यात एक गंमत आहे. ध्वनी हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. सहाशे मीटरच्या मैदानात एका टोकाचा स्वर दुसऱ्या टोकास पोहोचण्यास पावणेदोन सेकंद लागतात. म्हणजे पुढची माणसे ध्रुपदाच्या दुसऱ्या शब्दावर असतील तेव्हा मागची पहिल्यावर असणार. संगीतशास्त्राच्या दृष्टीने हा दोषच होय, आणि बंद खोलीत ध्वनिमुद्रण करणारा तंत्रज्ञ असा घोळ एक क्षणही खपवून घेणार नाही. परंतु प्रत्यक्ष मैफलीच्या मुद्रिकेत आपण ऐकावयास जातो ते हेच. गायकाचा स्वर जवळून येतो, आणि त्याच्या पाठीशी, किंचित मागे रेंगाळणारा, किनाऱ्यावर लाटा याव्यात तसा जनांचा स्वर येतो. गणेशोत्सवाच्या मांडवात शेवटच्या रांगेतील मंडळी आरती अर्धा शब्द मागे म्हणत असतात, तरी आरती एकच असते, हे आपणांस ठाऊक आहे. शुद्ध स्वर हवा असेल त्याने बंद खोलीतील मुद्रण ऐकावे. त्या रात्री तेथे कोण कोण होते हे ज्याला ऐकावयाचे आहे त्याच्यासाठी ही मुद्रिका आहे.

गीताच्या आशयाकडे वळू. विजयगीत म्हटले की शत्रूचा पाडाव, वीरांची नावे आणि पराक्रमाचे पाढे आलेच अशी आपली समजूत. 'ग्रात्सिए रोमा'चा रोख तसा नाही. त्याचा विषय म्हणजे अनोळखी माणसांना अकस्मात एकमेकांविषयी वाटू लागणारा स्नेह. आम्ही जिंकलो असे न म्हणता तुझे आभार असे ते म्हणते, आणि आभार मानावयाचे ते कोणाचे हे त्या दुहेरी नावामुळे मोकळे सोडते. नम्रतेने म्हटलेले विजयगीत ही दुर्मीळ वस्तू आहे, आणि म्हणूनच हे गीत त्या एका रात्रीबरोबर शिळे झाले नाही. आपल्या मैदानावर संघ जिंकला की हेच गीत वाजू लागते, आणि प्रेक्षक ते गातच जिने उतरतात, अशी प्रथा पडली.

येथे कोणी आक्षेप घेईल की, हे सारे भाबडेपण आहे. युवेनालचा शेरा आजही लागू पडतो. भाकरीचे प्रश्न विसरावेत म्हणून लोकांना खेळाची गुंगी दिली जाते. हा आक्षेप हलका नव्हे. १९७९ च्या ऑक्टोबरात रोममधील दोन संघांच्या सामन्यापूर्वी प्रेक्षकांतून सोडलेल्या एका दारूच्या बाणाने समोरच्या बाजूस बसलेल्या एका गृहस्थाचा प्राण घेतला होता. त्याची पत्नी त्या वेळी शेजारीच बसलेली होती. गीताने त्या नगरीतील द्वेष धुऊन काढला असेही म्हणता येत नाही. १९८३ च्या विजयानंतर अवघ्या एका वर्षाने इंग्लंडहून आलेल्या पाहुण्या प्रेक्षकांवर रोमच्या रस्त्यांत हल्ले झाले. गीत माणसांना सज्जन करीत नाही. ते त्यांना फक्त एक संधी देते: आपण एवढे जण एका ठिकाणी, रात्रीच्या वेळी, कोणालाही न दुखविता जमू शकतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची. ज्या नगरीने मोरो यांचा मृतदेह पाहिला होता, तिला त्या संधीचे मोल अधिक होते.

त्या पुढच्या वर्षाची गोष्ट सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. ३० मे १९८४ रोजी युरोपीय चषकाचा अंतिम सामना रोममध्येच, रोमाच्या स्वतःच्या मैदानावर झाला. प्रतिस्पर्धी होता लिव्हरपूल. खेळ १-१ असा बरोबरीत राहिला आणि पेनल्टीच्या फटक्यांवर रोमा हरला. काही आठवड्यांतच संघनायक दी बार्तोलोमेई रोमा सोडून मिलानकडे गेला. पुढे खेळातून निवृत्त झाल्यावर फुटबॉलच्या जगात त्याला मनाजोगते स्थान मिळाले नाही, आणि ३० मे १९९४ रोजी, त्या पराभवास बरोबर दहा वर्षे पुरी झाली त्या दिवशी, त्याने आपल्या हाताने आपले आयुष्य संपविले. वय अवघे एकोणचाळीस. अशा मृत्यूचे कारण एका पराभवात शोधणे हे अविचाराचे होईल. पण ज्याच्या नेतृत्वाखाली ते आभारगीत जन्मले, तो माणूस पुढे आपल्या एकांतात किती दूर गेला होता, हे ऐकून त्या मुद्रिकेतील जयघोष निराळाच वाटू लागतो, एवढे खरे.

१७ जून २००१ रोजी रोमाने तिसऱ्यांदा स्कुदेत्तो जिंकला. शेवटच्या सामन्यात पार्मा संघाचा ३-१ असा पराभव झाला. तोत्ती, मोन्तेल्ला आणि बातिस्तुता यांनी एकेक गोल केला. वेळ संपण्यापूर्वीच प्रेक्षक मैदानात घुसले, आणि सामना रद्द होऊन हाती आलेले जाते की काय या धास्तीने प्रशिक्षक फाबियो कापेल्लो त्यांच्यावर संतापले. संघनायक फ्रान्चेस्को तोत्ती हाही रोमचाच मुलगा. आदल्या वर्षी त्याच नगरीतील प्रतिस्पर्धी लात्सिओ संघ विजेता ठरला होता, त्यामुळे या आनंदास आणखी धार होती. आठवड्याने, २४ जून रोजी, चिर्को मास्सिमो पुन्हा भरले. लाखोंच्या समुदायापुढे वेन्दित्ती पुन्हा गायले, आणि 'चिर्को मास्सिमो २००१' ही दुसरी ध्वनिमुद्रिका निघाली.

१९८३ साली गायक चौतीस वर्षांचा होता, २००१ साली बावन्न वर्षांचा. पहिल्या खेपेस आभारगीत नवे होते, लोक ते शिकत होते. दुसऱ्या खेपेस गवतावर उभ्या असलेल्या कित्येक तरुण श्रोत्यांचा पहिल्या विजयाच्या वेळी जन्मही झाला नव्हता, तरीही गीत त्यांना तोंडपाठ होते. ते त्यांना कोणी शाळेत शिकविले नव्हते. वडिलांच्या मोटारीत, थोरल्या भावाच्या खोलीत, मैदानातील पायऱ्यांवर ते त्यांच्या कानी पडत गेले होते. अठरा वर्षे विजेतेपद नव्हते, पण गीत चालू होते. दोन मुद्रिकांमधील जो कोरा काळ कोणीही मुद्रित केला नाही, तोच आमच्या मते या कथेचा गाभा होय. विजयाने गीत दिले हे खरे, परंतु विजयावाचून गेलेल्या वर्षांत लोकांना एकत्र ठेवण्याचे काम गीताने केले.

आणि कवि-गायकाने आपले ऋण केवळ विजेत्यांपुरते ठेवले नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका गीतात वेन्दित्ती यांनी दी बार्तोलोमेईची आठवण जागविली. त्या गीताच्या नावाचा अर्थ 'विश्वासघात आणि क्षमा' असा आहे. ज्या संघनायकाला नगरीने विजयाच्या रात्री डोक्यावर घेतले आणि नंतर विसरून टाकले, त्याच्यासाठी त्याच नगरीच्या गायकाने चोवीस वर्षांनी पुन्हा शब्द शोधले. विजयाच्या वेळी गाणारे पुष्कळ असतात. उत्सव संपल्यावर, जो उत्सवातून निसटून गेला त्याचे नाव घेणारा विरळा. त्या एका कृतीने १९८३ च्या आभारगीताला खरी प्रतिष्ठा लाभली, असे आम्हांस वाटते.

२००१ नंतर २०२५ पर्यंत तरी रोमाला इटलीचे अजिंक्यपद पुन्हा मिळालेले नाही. २०२२ साली युरोपातील एक नवा चषक मात्र त्याने जिंकला, आणि नगरी पुन्हा त्याच मैदानाकडे लोटली.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना या कथेतील एक गोष्ट परकी वाटणार नाही. आपल्या वाट्याला मोठे विजय वरचेवर येत नाहीत. नित्याचे दिवसच फार. तेव्हा आपल्या घरात, मंडळात, मांडवात कोणती गाणी पोरांच्या कानी पडत आहेत, आणि ज्या वर्षी उत्सवाचे काहीच निमित्त नसते त्या वर्षीही ती पडत आहेत की नाहीत, हे पाहावे. रोममधील त्या तरुणांना गीत तोंडपाठ झाले ते कोणी पाठ करावयास सांगितले म्हणून नव्हे. घरातील वडीलधारी माणसे ते स्वतःच्या आनंदाखातर म्हणत होती, म्हणून.